बाबांचा ठिपका

माझ्या पहिल्या लॅपटॉपला बोंबलाचा वास यायचा. तुळिंजच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून तो आणला तेव्हा त्याला कसलाच वास नव्हता, पण अर्नाळ्याला आमच्या घरात आलेली कुठलीही वस्तू फार दिवस तशी राहत नसे. दारासमोरच बांबूच्या वलांड्या, त्यांवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेल्या, खाली मांजरं वर बघत बसलेली. वारा घराकडे वळला की वास आधी आत, मग वारा. आई त्या लॅपटॉपवर आपलं जुनं लुगडं टाकून ठेवायची, देव्हाऱ्यावर टाकावं तसं. "खारं लागंल त्याला," म्हणायची. खारं लागलंच. दोन-तीन बटणं इतकी घट्ट झाली की ती दाबताना सगळं टेबल हलायचं, आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "फोडतंस का काय गो?" आज माझ्या घरात माणसांपेक्षा यंत्रं जास्त आहेत, ती बिचारी निमूट काम करतात, पण त्या खारावलेल्या लॅपटॉपाइतकं मी कशावरच प्रेम केलं नाही.

विरारच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकत होते. शिकत होते म्हणजे काय, पुस्तकातले प्रोग्रॅम वहीत उतरवत होते. विद्यार्थ्याचे गुण घ्या आणि पास की नापास ते छापा. सेल्सियसचं फॅरनहाइट करा. लायब्ररीतली पुस्तकं मोजा. मला मेली लायब्ररीच मोजायची नव्हती! ज्या मुलीच्या घरी सकाळपासून म्हावऱ्याचे भाव, बर्फ, डिझेल, वारा आणि पाणी याशिवाय विषय नाही, तिने खोट्या पोरांचे खोटे गुण मोजत का बसावं? एकदा सरांना हे तोंडावर विचारलं. सर भले होते. म्हणाले, "मग तुला जे मोजायचंय ते मोज. पण स्वतः कर, कुणाचं उतरवून आणू नकोस." असं कुणी म्हटलं की मला चेव चढतो. तेव्हाही चढायचा, आताही चढतो, मुलं वैतागतात.

मला काय मोजायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. आमची बोट बाहेर गेली की आई दोन-तीन दिवस अर्धीच घरात असायची. हात चालायचे, भाकऱ्या व्हायच्या, जवळा निवडून व्हायचा, पण प्रत्येक भाकरीनंतर ती दारात जाऊन यायची. दारातून नुसता समुद्र दिसायचा. तो तिला काय सांगणार? मग मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. बाबांच्या फोनने ठरावीक वेळाने आपण कुठे आहोत ते आकड्यांत लिहून ठेवायचं. खोल समुद्रात रेंज नसते, तिथे नुसतं लिहून ठेवायचं. बोट परत येताना रेंज लागली, की शेवटची जागा माझ्याकडे धाडायची, आणि आमच्या फोनवर नकाशात एक लाल ठिपका उमटायचा. ठिपक्यावर मी लिहिलं होतं, 'बाबा'. सगळी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. कधी ठिपका आफ्रिकेत उमटायचा, कधी वसईच्या बसस्टँडवर. बाबा जेवताना विचारायचे, "आज मी कुठं हाय गो?" आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा.

प्रोग्रॅम चालला तेव्हा मात्र घराची रीतच बदलली. बोट गेल्यावर आई फोन कमरेला खोचायची. दारात जाणं थांबलं. ठिपका उमटला की ती तांदळाचं पीठ मळायला घ्यायची, कारण ठिपका आणि बोट यांच्यामध्ये भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण होण्याइतकाच वेळ असतो हे तिने दोन-चार खेपांत ताडलं. माझी हिराआत्या पलीकडच्याच घरात राहायची. तिचा पोरगा नितेश बाबांच्याच बोटीवर. ती भिंतीवरून ओरडून विचारायची, "वैनी, उगावला का?" आई म्हणायची, "उगावला!" चंद्र उगवावा तसं. मला वाटायचं, कॉलेजातल्या कुठल्या पोराच्या प्रोग्रॅमची आया-बाया अशी वाट बघतात? कुणाच्याच नाही. मी हवेत होते.

त्या वर्षी जाळी पाण्यात जाऊन थोडेच आठवडे झाले होते. बोट गेली आणि दुसऱ्या दिवशी वादळाची खबर आली. सकाळी बंदरावर धोक्याचा बावटा चढला तेव्हाच हवा विचित्र होती, गरम, चिकट, आणि वारा सरळ न येता कुठूनही यायचा. बायकांनी वलांड्यांवरचे बोंबील ओले-सुके न बघता ओरबाडून काढले. नऊच्या सुमारास लाइट गेली. आमच्या गावातल्या काही बोटी बाहेर होत्या. मच्छीमार सोसायटीची माणसं घरोघर विचारत फिरत होती, कोण कुठे आहे, कुणाचा पत्ता आहे, कुणाचा नाही. ज्यांचा पत्ता नाही त्यांना बघायला मोठ्या इंजिनाच्या दोन बोटी काढायच्या, असं ठरत होतं.

ते आमच्या दारात उभे असतानाच ठिपका उमटला.

आईने कमरेचा फोन काढला, बघितला, आणि मी तिचा चेहरा इतका मोकळा झालेला क्वचितच पाहिला असेल. "आमचे येतात," ती म्हणाली. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. ठिपका खरंच सरकत होता, किनाऱ्याकडे, सरळ. मीही पुढे होऊन शहाणपणा केला, "वेग बघा, तासा-दीड तासात खाडीत असतील." माणसं पुढच्या घरी गेली. बाकीच्या बोटींचेही एकेक पत्ते लागत गेले, कुणी सातपाटीला शिरलं होतं, कुणी पाचूबंदरला. मोठ्या बोटी काढायचं राहूनच गेलं. काढणार कुणासाठी? आईने चुलीवर तवा ठेवला. भिंतीवरून आवाज आला, "उगावला का?" आणि आईने उत्तर दिलं.

दोष कुणाचा असं पुढे पुष्कळांनी विचारलं. सांगते, मी आजवर त्याबद्दल कुणाची माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. त्या ठिपक्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. जे होतं तेच त्याने दाखवलं. आम्ही त्यात काय बघितलं, ते वेगळं.

दुपारी आम्ही सगळ्या किनाऱ्यावर गेलो. लाटा नेहमीच्या खुणेच्या बऱ्याच वर येत होत्या, वाळू तोंडावर बसत होती. मी फोनवर ठिपका बघत होते, आई समुद्र बघत होती. ठिपका खाडीच्या तोंडाशी आला आणि थांबला. मी मान वर केली. खाडीच्या तोंडाशी एक बोट होती. ती निळी होती.

आमची बोट भगवी आणि पांढरी. निळी पास्कूकाकांची. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, आमच्या नाताळच्या करंज्या त्यांच्याकडून आणि त्यांची दिवाळी आमच्याकडून. मी पुन्हा फोन बघितला, पुन्हा समुद्र. त्या बोटीच्या आजूबाजूला काहीही नव्हतं. नुसतं पाणी. ज्या जागी नकाशावर 'बाबा' लिहिलं होतं, त्या जागी पास्कूकाका उभे होते.  आईने विचारलं, "ही तर पास्कूची. मग आपली कुठंय?" 

काका पाण्यात उतरले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बाबांचा फोन होता. आमच्याकडे एक रीत आहे. समुद्रात जो आधी घरी निघतो, त्याच्याकडे बाकीचे आपलं म्हावरं देतात, म्हणजे ते पहिल्या बाजाराला लागतं. म्हावऱ्याबरोबर निरोप, रिकामे कॅन, दुरुस्तीची वस्तू, सगळं हातोहात किनाऱ्याला येतं. मी त्याच घरात वाढले, त्या रीतीवर जेवले, आणि प्रोग्रॅम लिहिताना मला ती आठवलीसुद्धा नाही.

"गजानं दिलाय," काका म्हणाले. बाबांना ते गजाच म्हणायचे. "चार्ज करायला. म्हंजे मला नाय दिला, पाचूबंदरच्या एका बोटीला दिला, त्यांनी वाटेत मला दिला, मी हिकडं येत होतो म्हनून. त्याच्या बोटीची बॅटरी बसलीय म्हनं, इंजिन चालू हाय तवर जाळं ओढून मागनं येतो म्हनला. गजा आला नाय अजून?"

बॅटरी बसली म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. त्याच बॅटरीवर वायरलेस, त्याच बॅटरीवर इंजिन सुरू होतं. हिराआत्या माझ्या अंगावर धावून आली. "तुझ्या त्या ठिपक्याला लाव आग! माझा पोर पान्यात हाय आनि मी घरी भात रांधला!" तिने माझा दंड धरला तो अजून आठवतो, नखं रुतली होती. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"काका, बाबा नक्की कुठं होते?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत, बाय? मी त्याला बघितलाच नाय. पाचूबंदरवाल्याला फोन लागत नाय. समुद्र काय गल्ली हाय?"

तेव्हा माझं डोकं चालू झालं. भीतीने एरवी माणूस गोठतो, माझं उलट होतं, मला राग येतो आणि रागात मला स्वच्छ दिसतं. मी नकाशावर फक्त शेवटचा ठिपका काढत होते. पण फोनमध्ये सगळ्या जागा लिहिलेल्या होत्या, बोट बंदरातून निघाल्यापासूनच्या. धाडून झाल्या की जुन्या पुसायच्या, हे काम माझ्या यादीत होतं आणि कंटाळ्याने राहून गेलं होतं. फोन मात्र खाडीच्या तोंडाशीच मेला होता, आणि गावात लाइट नव्हती. बर्फाचा टेम्पो रस्त्यावर उभा होता. मी ड्रायव्हरला खाली उतरवलं, हो, उतरवलंच, आणि त्याच्या चार्जरला फोन लावून त्याच्या सीटवर बसले. फोन जिवंत व्हायला जो वेळ लागला त्यात मी जेवढे देव माहीत होते तेवढ्यांची नावं घेतली, पास्कूकाकांच्या देवांचीसुद्धा.

आकड्यांच्या ओळीच ओळी. आधी जागा भराभर बदलत होती, बोट जाताना. मग रात्रभर जवळजवळ तीच जागा, म्हणजे जाळ्यावर उभी. मग एकदम जागा दक्षिणेकडे धावू लागली, मधे थोडा वेळ थांबली, आणि तिथून आमच्याकडे वळली. मधलं थांबणं म्हणजे पाचूबंदरवाल्याने पास्कूकाकांना फोन दिला ती जागा. मला ती नको होती. मला त्याच्या आधीची हवी होती, जिथे रात्र गेली, जिथून फोन निघाला आणि बाबा मागे राहिले. मी ती ओळ पाठ केली आणि धावत सुटले.

काकांनी तोवर डिझेल भरून घेतलं होतं. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. भर वादळातून आलेला माणूस, अंगावरचे कपडे ओले, त्यांची मोनाकाकू किनाऱ्यावर रोजरीचे मणी ओढत उभी, आणि हे परत निघाले. आमच्यात बाया बोटीवर चढत नाहीत. मी कमरेइतक्या पाण्यात बोटीच्या कडेला उभी राहिले, लाट आली की हनुवटीपर्यंत, आणि ओरडून आकडे सांगितले. "एकोणीस पूर्णांक चोपन्न! बहात्तर पूर्णांक पस्तीस!" काका आत जीपीएसच्या यंत्रावर वाकले, बटणं दाबत मोठ्याने म्हणत गेले, "एकोनीस अंश, चोपन मिनिटं. बहात्तर अंश, पस्तीस मिनिटं. बरोबर?"

इंजिन वाढलं. बोट सरकायला लागली.

मिनिटं? माझे आकडे मिनिटांत नव्हते. माझ्या प्रोग्रॅममध्ये अंशाचे शंभर भाग होते, आणि बोटीच्या यंत्रात, घड्याळासारखे, साठ. अर्धा अंश माझ्याकडे पन्नास आणि त्यांच्याकडे तीस! काका निघाले होते ते बाबांकडे नव्हे, थेट डहाणूच्या अंगाला. "थांबा! काका, थांबा! चूक आहे!" मी बोटीच्या दोराला लटकले. तोंडात पाणी गेलं. इंजिन मंदावलं आणि काका कडेला आले, लाल झालेले.

"चोपन नाय, बत्तीस! चोपन्नला साठने गुणा, शंभरने भागा. बत्तीस मिनिटं. आणि खालचं पस्तीस नाय, एकवीस!" सेल्सियसचं फॅरनहाइट मी पुस्तकातून कुठलाही विचार न करता उतरवून काढलं होतं. इथे वही नव्हती, उतरवायला कुणी नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "सकाळी म्हनलीस बाप येतोय. आता चोपन, मग बत्तीस. डिझेल एकदाच पुरनार हाय, पोरी. अंधार पडायच्या आत एकच जागा बघता येनार. नक्की काय टाकू?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की माझ्या शब्दाला आता किंमत उरलेली नाही. खरं सांगते, माझा स्वतःचाही त्यावर विश्वास उरला नव्हता. मी गणित पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं, आणि तरीही माझी जीभ उचलेना. किनाऱ्यावर सगळं गाव उभं होतं. हिराआत्याने तोंडात पदर कोंबला होता.

तेवढ्यात माझ्या मागे पाण्यात कुणीतरी आलं. आई. साडीसकट, छातीभर पाण्यात. तिला पोहता येत नसे. तिने माझ्या खांद्याला धरलं, आधारासाठी का धीर द्यायला ते आजही ठाऊक नाही, आणि काकांना ओरडून सांगितलं, "ती सांगते तेच टाका, भाऊ."

काकांनी बत्तीस टाकलं.

निळी बोट दिसेनाशी झाली. वारा वाढला, मग पाऊस आला, मग दोन्ही. आम्ही मासळी सुकवायच्या ओट्यावर बसलो. मोनाकाकूची रोजरी चालू होती, तिच्याबरोबर हळूहळू आमच्या बायकाही ओठ हलवायला लागल्या, शब्द न कळता.  आईने कमरेचा फोन काढून मला दिला होता आणि ती समुद्राकडे बघत होती, मी तो प्रोग्रॅम लिहायच्या आधी बघायची तशीच. मला सारखं वाटत होतं की मी पुन्हा चुकलेय, गुणाकारात नाही तर अजून कुठेतरी, मला माहीत नसलेल्या जागी. पहिल्या चुकीतही गणित बरोबरच होतं की! त्यानंतर मी आयुष्यभर प्रोग्रॅम लिहिले, लोकांचे पैसे, औषधं, गाड्या त्यांवर चालल्या, आणि प्रत्येक वेळी काम सोपवताना मी मनाने त्या ओट्यावर जाऊन बसते. बरं आहे बसते ते. अशा ओट्यावर कधीच न बसलेली हुशार पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांची भीती वाटते.

उजेड जायला आला तेव्हा हिराआत्या उठून उभी राहिली. तिला आधी दिसलं. निळी बोट. आणि तिच्या मागे दोराच्या टोकाला, वर-खाली होत, एका अंगाला कललेली, भगवी.

किनाऱ्यावर जो आवाज उठला त्याला शब्द नव्हते. नितेश आधी उतरला, आत्याने त्याला तिथेच पाण्यात बडवायला सुरुवात केली, तो "आये, आये" करत हसत होता आणि रडत होता. काका वरून ओरडले, "बत्तीसच्या जरा खाली घावला! नांगर धरला नव्हता, सरकला होता!" मग बाबा उतरले. डोळे खारवलेले, ओठ पांढरे, एक हात दोराने सोललेला. गाव त्यांना हात लावत होतं. त्यांना काही कळत नव्हतं की एवढी माणसं का जमली आहेत, आपण दिवसभर गावात आधी आलेले होतो, मग हरवलेले होतो, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि पहिली गोष्ट विचारली ती ही:

"दर्शू, फोन चार्जला लावलास का गो?"

 आई पुढे झाली. आयुष्यात चारचौघांत नवऱ्याशी मोठ्याने न बोललेली बाई, तिने दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारलं. "फोन! तुमची बॅटरी बसली, तुमी वादळात, आनि फोन कशाला धाडला? सोताच्या आधी फोन धाडतात?"

बाबांनी तिच्या मुठी धरल्या. ते खरंच गोंधळले होते. एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, असा त्यांचा चेहरा होता.

"अगो, त्याचं चार्जिंग लालमधे आलतं," ते म्हणाले. "बंद पडला असता तर मी तुला दिसलो नसतो ना."